खाज मिरचीची नव्हती

लग्न झालं तेव्हा यांना दाढी जवळजवळ नव्हतीच. हनुवटीवर चार केस आणि ओठावर मिशीची बारीक रेघ. मांडवात माझ्या मैत्रिणीने मला चिमटा काढून विचारलं होतं, "नवरदेव अजून कॉलेजात आहे की काय गं?" मला मात्र तो चेहरा बघताक्षणीच आवडला होता. सावळा, मऊ, आणि हसताना डोळे अगदी बारीक होणारा. आवाजही हलका होता. पाहुण्यांत बसले की गप्प असायचे, पण घरात आम्ही दोघंच उरलो की दिवसभराचं सगळं मला सांगायचे. पथारीवर कोण कोणाशी भांडलं, मजुरांच्या पालात आज काय शिजलं, कोणत्या बाईने लेकराला मिरचीच्या ढिगाजवळ झोपवलं म्हणून तिला कसं रागावले आणि मग त्या लेकराला स्वतःच कसं उचलून सावलीत नेलं.

आमची पथारी नंदुरबारच्या बाहेर आहे. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. हिवाळाभर तिथे लाल मिरचीचे थर पसरलेले असतात. हे आणि माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, मिळून ती चालवतात. सासू-सासरे धानोऱ्याला शेतीवर. मी शहरातल्या शाळेत मराठी शिकवते. शाळेत माझी भाषा पुस्तकाची, घरात सगळ्यांची अहिराणी. आमचं दोघांचं बोलणं इथे मराठीत उतरवते आहे, सवयच तशी झाली आहे. सासूबाईंचं बोलणं मात्र तसं उतरत नाही. ते आहे तसंच ठेवते. यांच्यासारखंच मीही त्यांना माय म्हणते.

लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं. पण त्याहून माझा जीव यांच्या थकण्याने कासावीस व्हायचा. पस्तिशीही आली नव्हती आणि दुपारी पथारीवरून येऊन भिंतीला पाठ टेकून बसायचे, ते ताट वाढेपर्यंत डोळा लागलेला. पोत्याला हात लावला की धाप लागायची. एकदा नुसतं घसरून पडले आणि मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "या वयात हाडं अशी नसतात. सुरतेला दाखवून या."

आमच्याकडे मोठा आजार म्हटला की सुरत. सकाळी गाडीत बसलं की दुपारपर्यंत दवाखान्यात. तिथले हार्मोनचे डॉक्टर वयस्क होते. गुजराती वळणाच्या हिंदीत अगदी हळू बोलायचे, इतकं हळू की आम्ही दोघं खुर्च्या पुढे ओढून बसलो होतो. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी यांना विचारलं, "शाळेत असताना गालगुंड झाली होती?"

"आठवी-नववीत झाली होती."

"तेव्हा खालीही सूज आली होती?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आली होती. खूप दुखलं होतं. कोणाला सांगितलं नाही."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या तापाने वृषणांना इजा झाली होती. पुरुषाच्या शरीरात जे हार्मोन तिथे तयार होतं, ते यांच्या अंगात फारच थोडं तयार होत होतं. दाढी, आवाज, ताकद, रक्त, हाडं, सगळं त्यावर अवलंबून. औषध होतं, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. दर तीन आठवड्यांनी, बहुतेक जन्मभर. मधून मधून रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं, रक्त दाट होत नाही ना ते बघायचं.

"आणि मूल?" मी विचारलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "या इंजेक्शनाने मूल होणार नाही, बेटा. आणि आहे त्या परिस्थितीत त्याशिवायही होणार नाही. इंजेक्शन यांच्यासाठी आहे. यांच्या तब्येतीसाठी."

परतीच्या गाडीत आम्हाला खिडकीजवळची समोरासमोरची जागा मिळाली. बारडोली गेलं, व्यारा गेलं, हे बाहेरच बघत होते. नवापूर जवळ आलं तेव्हा तोंड न वळवता म्हणाले, "तुझी नोकरी आहे. वयही काही गेलेलं नाही. तू दुसरा विचार केलास तर मी आडवा येणार नाही."

मला राग आला. पिशवीतून शेवेची पुडी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "खा," म्हटलं. "सकाळपासून उपाशी आहात म्हणून असलं काहीतरी सुचतंय." यांनी पुडी सोडली. मग शेव खाल्ली. खाताखाता डोळे पुसले आणि तिखट आहे म्हणाले. मिरचीच्या व्यापाऱ्याला शेव तिखट लागली म्हणून मी हसले, आणि मग आम्ही दोघंही हसत राहिलो. शेजारची बाई आमच्याकडे संशयाने बघायला लागली तरी थांबता येईना.

इंजेक्शन सुरू झालं. पहिली दोन शहरातल्या एका दवाखान्यात घेतली. पण तिथला कंपाउंडर यांना चांगला ओळखायचा. "कसलं हो इंजेक्शन, शेठ?" असं त्याने चार माणसांत विचारलं आणि हे तिसऱ्या वेळी जाऊन तसेच परत आले. मग मी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सिस्टरकडून शिकून घेतलं. औषध तेलातलं, घट्ट. सुई जाडसर. कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात टोचायचं आणि अगदी सावकाश दाबायचं, घाई केली की गाठ होते. पहिल्यांदा मी सुई टेकवून परत मागे घेत होते आणि हेच पालथे पडल्या पडल्या मला धीर देत होते. "तू बोलत राहा," म्हणाले. "शाळेतलं काही सांग." तेव्हापासून तशीच पद्धत पडली. मी औषध हळूहळू सोडायची आणि सातवीच्या वर्गात कोणी निबंधात काय लिहिलं ते सांगायची. सुई निघाली तरी हे म्हणायचे, "मग? पुढे काय लिहिलं त्याने?"

काही महिन्यांत माणूस बदलला. म्हणजे माणूस तोच, पण अंगात जीव आला. सकाळी माझ्याआधी उठून चहा टाकायला लागले. आवाज खाली उतरला. फोनवर माझ्या आईने एकदा विचारलं, "जावईबापूंकडे कोण पाहुणे आलेत?" गालांवर खरी दाढी आली आणि यांनी वस्तरा, ब्रश, साबण असं सगळं हौसेने आणलं. आरशासमोर उभे राहून गाल फुगवून दाढी करायचे तेव्हा मी मुद्दाम काहीतरी काम काढून तिथून जायची. धानोऱ्याला गेलो की माय यांच्या पाठीवरून हात फिरवायची. "मन्हा आंडोर आते भरना," म्हणायची, माझा लेक आता भरला म्हणून. तिला वाटत होतं, तिने पाठवलेल्या तुपाचा गुण. आम्ही तिला इंजेक्शनाचं सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की गालगुंड आली असती, मग मुलाचा विषय आला असता. हे म्हणाले, "तिला तुपाचंच कौतुक राहू दे."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायची. इंजेक्शन घेतल्यावर पहिले काही दिवस हे अगदी चढत्या उत्साहात असायचे आणि पुढचं इंजेक्शन जवळ आलं की पुन्हा मावळायचे. कोमेजल्यासारखे. चिडायचे, मग चिडल्याबद्दल वाईट वाटून घ्यायचे. मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. कोणाचे सगळे दिवस सारखे असतात? पण यांना ते दिवस सहन होत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच सुमारास हे जिमला जायला लागले. स्टेशनच्या बाजूला नवीन जिम निघाली होती, मोठे आरसे आणि मोठ्याने गाणी. मला बरंच वाटलं. दंड भरले, छाती रुंद झाली. पथारीवरची पोती आता हे स्वतः उचलायचे आणि मजूर "शेठ, राहू द्या" म्हणाले की जास्तच उचलायचे.

मग तो हिवाळा आला. मिरचीचा हंगाम जोरात होता. वारा पथारीकडून शहराकडे वळला की बाजारातला चहावालाही शिंकायचा. एका संध्याकाळी हे घरी आले ते तळहात खाजवतच. दुसऱ्या दिवशी तळपाय. मग सगळं अंग. पुरळ नाही, चट्टा नाही, लाली नाही, नुसती आतून उठणारी खाज. नंदुरबारमध्ये हिवाळ्यात कोणी अंग खाजवत असेल तर कारण विचारत नाहीत. मिरची. जेठांनी सांगितलं ताकाने आंघोळ कर. जाऊबाईंनी खोबरेल तेल पाठवलं. मजूर बायकांनी सांगितलं, कडुनिंबाचा पाला उकळून घ्या. आम्ही सगळं केलं. हे पथारीवर जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लागले, मग जाणंच बंद केलं. पण घरात बसूनही खाज वाढतच गेली. चार दिवस मिरचीचं तोंड पाहिलं नव्हतं आणि नखांनी पोटऱ्या सोलून निघाल्या होत्या.

रविवारची सकाळ होती. गच्चीवर मी पापड वाळत घालत होते आणि हे उन्हात स्टुलावर बसले होते. मी त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावायला खाली बसले आणि वर पाहिलं. उन्हात यांचे डोळे पिवळे दिसले. हळदीचं बोट फिरवल्यासारखे.

"लघवी कशी होते?" मी विचारलं.

यांनी पाय मागे घेतला.

"अहो, मी विचारतेय."

"गडद," ते म्हणाले. "काळ्या चहासारखी. काही दिवसांपासून."

मी पापड तसेच टाकून उठले.

शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "पिता का?" हे नाही म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा यांच्याकडे पाहिलं, आता जरा वेगळ्या नजरेने. "खरं सांगा. लिव्हरचा प्रश्न आहे." यांच्या घरात कधी बाटली आली नव्हती. मग इंजेक्शनाचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सुरतेच्या डॉक्टरांकडेच जा. लगेच."

गाडीत मी मनातल्या मनात इंजेक्शनालाच दोष देत होते. माझ्याच हाताने टोचलेलं औषध. मी तेलाचा एकेक थेंब यांच्या अंगात सोडत होते आणि तो लिव्हरला जाळत होता, असं काहीतरी चित्र डोळ्यांपुढे उभं राहायचं आणि मी शेजारी बसलेल्या यांच्या हातावर हात ठेवायची. हात गरम होता आणि सालपटं निघालेला.

सुरतेच्या डॉक्टरांनी आधी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी करायला लावली. मग आम्हाला पुढे बसवलं. "मी दिलेल्या मापाने इंजेक्शन घेतलं असेल, तर एवढी कावीळ सहसा होत नाही," ते म्हणाले. "हे औषध स्नायूतून हळूहळू रक्तात उतरतं, लिव्हरवर एकदम आदळत नाही. म्हणून विचारतो. याशिवाय काय घेता?"

यांनी मान खाली घातली. डॉक्टर थांबून राहिले. त्यांना घाई नव्हती.

"जिममधला ट्रेनर गोळ्या द्यायचा," हे शेवटी म्हणाले. "ताकदीच्या. दिवसाला दोन. आणि मधल्या काळात त्याच्याकडूनच एक जास्तीचं इंजेक्शन."

"किती महिने?"

"दिवाळीच्या आधीपासून."

मी बाजूला बसले होते. माझ्या लक्षात आलं, कधी कधी दंडावर टोचल्याची खूण दिसायची आणि मी विचारलं की हे म्हणायचे, बारदानातली काडी लागली.

डॉक्टर रागावले नाहीत. गोळ्यांचं नाव ऐकून फक्त मान हलवली. या जातीच्या गोळ्या पोटातून थेट लिव्हरमध्ये जातात, आणि त्या तिथे मोडू नयेत म्हणूनच त्यांची बनावट वेगळी केलेली असते. लिव्हर त्यांच्याशी झगडत बसतं, पित्त बाहेर वाहायचं थांबतं आणि रक्तात मिसळतं. खाज त्या पित्ताची. "इंजेक्शनही दुप्पट-तिप्पट घेत राहिलं तर वर्षानुवर्षांनी लिव्हरमध्ये गाठी होऊ शकतात, रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो. तुमच्या सोनोग्राफीत गाठ नाही. नशीब समजा. आता सगळं बंद. माझं इंजेक्शनसुद्धा. लिव्हर स्वतःहून सावरेल, पण वेळ घेईल. रक्त तपासत राहू."

परतताना मी रिपोर्टच पुन्हा पुन्हा चाळत होते. व्यारा मागे पडल्यावर मीच विचारलं, "कशासाठी?"

यांनी नखं मुठीत लपवली. "इंजेक्शनाचा जोर उतरला की मी परत तसाच व्हायचो," म्हणाले. "तो पहिला. बसल्या जागी झोपणारा. तुला तो परत दिसू नये असं वाटायचं."

"तसाच माणूस मी पसंत केला होता," मी म्हटलं. "मला कोणी फसवून दिला नव्हता. बघून, बोलून केला होता."

हे खिडकीकडे तोंड करून बसले, पण हात माझ्याकडे सरकवला. सालपटं निघालेला तो हात नवापूर येऊन गेलं तरी मी सोडला नाही.

ते दोन-तीन महिने खाजेचे होते. पाण्यात कालवून घ्यायची एक पावडर दिली होती, लिव्हरच्या गोळ्या होत्या, पण खाज आपल्याच मर्जीने कमी होत होती. मी यांची नखं अगदी मुळापर्यंत कापून ठेवायची. शाळेतून आले की बादलीत थंड पाणी भरायची आणि हे त्यात पाय बुडवून बसायचे. मी समोर बसून उत्तरपत्रिका तपासायची. मध्येच पाणी कोमट झालं की बदलायची. अंगाला साबण नाही, लोकर नाही, फोडणीचा वाससुद्धा नको व्हायचा. मिरचीच्या घरात आम्ही दुधीभोपळा आणि मऊ भात खात होतो.

इंजेक्शन थांबल्यामुळे दुसरंही दुखणं होतं. शक्ती ओसरत गेली. बसल्या जागी घाम फुटायचा, पुन्हा गारठायचे. कशानेही रडू यायचं. एकदा टीव्हीवर कापसाच्या बियाण्याची जाहिरात बघून रडले. मला वाटलं हसावं की काय, पण जवळ जाऊन बसले. "जाहिरातीतला तो बाप चांगला आहे," हे म्हणाले. मीही पाहिलं. खरंच चांगला होता.

धानोऱ्याला बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि पोचली ती भलतीच होऊन. लिव्हर बिघडलं म्हणजे दारू, एवढंच लोकांना माहीत. मायला ते पिठाच्या गिरणीवर कळलं. कोणीतरी म्हणालं, पथारीवाला पिऊन पिऊन पिवळा पडला. माय तिथे दळण टाकून तशीच भांडली म्हणे. "मन्हा आंडोर दारूले हात बी लावत नही!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आमच्याकडे आली. हातात कावीळ उतरवायची माळ होती, कसल्याशा मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेली, आणि एका बाटलीत कोणीतरी दिलेला काढा.

काढा मी हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाहेरचं काहीही द्यायचं नाही. माळेला मी हरकत घेतली नाही. मायने ती यांच्या गळ्यात घातली, समोर बसली, यांची हनुवटी धरून डोळे पाहिले. मग हात खाली घेतला आणि एकदम विचारलं, "भाऊ, माले खरं सांग. तू पेस का?"

लोकांशी भांडून आली होती, तरी तिला विचारावंसं वाटलं. ते यांना लागलं. मी मध्ये बोलणार होते, यांनी हातानेच थांबवलं.

"नही माय," म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. आठवीतला ताप, खालची सूज, सुरतेचे डॉक्टर, इंजेक्शन, मूल का नाही ते, आणि शेवटी गोळ्या. आईला असं सांगणं किती अवघड असेल, मी बघत होते. माळेतला मुळीचा एक तुकडा बोटांत फिरवत, अडखळत, पण काही न लपवता सांगितलं.

माय ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "तो ताप माले याद शे. मी तुन्हा गालले लेप लावू. तू पाय पोटशी लई पडेल व्हता. माले वाटनं, तापमुये पाय दुखतस." आणि थोड्या वेळाने, "तू सांगं नही, माले समजनं नही."

"माय, तुला कसं समजणार?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं माझ्या ओटीत नारळ घालत आलेली, मला नवस सांगणारी, उपास सांगणारी माय. माझा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. "मी तुलेच सांगत ऱ्हायनू, बेटा," एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य तिला आलं नाही आणि मला ते नकोही होतं.

मग पदराने नाक पुसून उठली आणि विचारलं, भात टाकला का. त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे ती आमच्याकडेच राहिली. बादलीतलं पाणी तीच बदलायची. लेकाच्या पोटऱ्यांवर ओलं फडकं ठेवून बसायची आणि त्याच्या लहानपणच्या गोष्टी मला सांगायची, तो झोपलाय असं समजून. हे डोळे मिटून ऐकत असायचे.

होळी होऊन गेली तेव्हा डोळे पांढरे दिसायला लागले होते. खाज आधी पाठीची गेली, मग हातांची. तळपायांची सगळ्यात शेवटी. रिपोर्टमधला आकडा दर वेळी थोडा खाली यायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी डॉक्टर म्हणाले, लिव्हर जागेवर आलं.

मग प्रश्न इंजेक्शनाचा उरला. हे नको म्हणाले. "चालतंय की असंच." पण चालत नव्हतं. जिना चढताना कठड्याला धरायचे. डॉक्टरांनी समजावलं. औषध वाईट नाही, ज्याच्या अंगात ते मुळातच कमी आहे त्याला ते लागतं. आता माप अर्धं करायचं आणि अंतरही कमी करायचं, म्हणजे चढणं-उतरणं जाणवणार नाही. "आणि खालीवर वाटलं तर मला सांगायचं," ते म्हणाले. "जिमवाल्याला नाही."

नव्या मापाचं पहिलं इंजेक्शन द्यायचं होतं त्या दिवशी माझी हिंमत होईना. सगळं तयार करून मी तशीच उभी राहिले. कावीळ कशाने झाली हे मला ठाऊक होतं, तरी हात पुढे जाईना. पुन्हा चार दिवस राहायला आलेली माय दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलं, कुपीकडे पाहिलं. "थंडं शे ना ते तेल?" म्हणाली. "दे इकडे." कुपी घेतली आणि दोन्ही हातांच्या मुठीत धरून खाटेवर बसली, कोंबडीचं पिल्लू धरावं तशी. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने तिने ती माझ्या हातात दिली. काच कोमट झाली होती. औषध अगदी सहज गेलं.

आता त्याला काही वर्षं झाली. यांची दाढी आहे, पण दंड पूर्वीसारखे फुगलेले नाहीत. पोतं मजूर उचलतात आणि हे उचलू देतात. मधून मधून सुरतेला जाऊन रक्त तपासून येतो. एकदा रक्त दाट झालं म्हणून अंतर पुन्हा वाढवावं लागलं, तेवढंच. मुलाचं आम्ही अजून बोलतो. दत्तक घेऊ या असं कधी मी म्हणते, कधी हे म्हणतात, आणि त्या वेळी दुसऱ्याला धीर होत नाही. बघू.

मागच्या वेळी माय हट्ट धरून आमच्याबरोबर सुरतेला आली. तिला डॉक्टर बघायचा होता. आत गेल्यावर तिने त्यांना वाकून नमस्कार केला आणि अहिराणीत बरंच काही बोलली. डॉक्टरांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी खुर्चीतून उठून तिला हात जोडले. रिपोर्ट चांगला होता. गाडीला वेळ होता म्हणून हे आम्हाला रिक्षाने डुमसला घेऊन गेले. मायने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिथला समुद्र काही निळा नाही, मातकट आहे, वाळूही काळी. पण ती थेट काठापर्यंत चालत गेली.

मग चपला काढल्या आणि लुगडं जरा वर खोचून पाण्यात गेली. यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिचं मनगट धरलं. लाट आली की माय लहान पोरीसारखी ओरडायची आणि लेकाला बिलगायची. एकदा तिने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं.

"ह्या पानीमा इतलं मीठ कोन टाकस रे?" तिने विचारलं.

"तुला चाखायला कोणी सांगितलं होतं, माय?" हे म्हणाले, आणि हसले. त्या खर्जातल्या आवाजात हसले तरी डोळे तसेच अगदी बारीक झाले.

मी काठावर चपला सांभाळत उभी होते. मायने मला हात केला. "ये ना बेटा, काय उभी ऱ्हायनी तथं?" मी तिघांच्या चपला वाळूत एकावर एक ठेवल्या आणि पाण्यात गेले.